बाबांनाही जमेल अशी पट्टी

पेटीवर पांढरी दोन धरायची, तिला सा मानायचं आणि चाल होता होईल तो त्या सा पासून पंचमापर्यंतच फिरवायची. मुलं आणि घरची मोठी माणसं यांनी मिळून गायची गाणी बांधताना मी हा नियम पाळते. पाच-सहा वर्षांच्या मुलाचा गळा याच टप्प्यात मोकळा असतो. खाली नेलं की ते गायचं सोडून बोलायला लागतं, वर नेलं की ओरडायला लागतं. आईला हा टप्पा जड जात नाही. बाबा तेच सूर एक सप्तक खाली गातात आणि तिथे त्यांचा आवाज चांगला भरदार लागतो. आजीला वरचा पंचम टोचतो, म्हणून ध्रुवपद मध्यमाच्या वर चढवायचं नाही. गणित एवढंच आहे, पण ते मला कुठल्या संगीत विद्यालयात मिळालं नाही. तिथे ज्याची त्याची पट्टी वेगळी असते. बायका काळी चार-काळी पाचला बसतात, पुरुष काळी एक-काळी दोनला. एका घरातली माणसं एकाच वेळी गाणार म्हटल्यावर काय करायचं, असा प्रश्न तिथे कुणाला पडतच नाही.

मला तो पडला तो शाळेतली संगीत शिक्षिकेची नोकरी संपत आली तेव्हा. स्नेहसंमेलनाला मुलं सुंदर गायची. पालक समोर बसून मोबाइलवर चित्रण करायचे. घरी गेल्यावर ते चित्रण आजी-आजोबांना दाखवलं जायचं आणि गाणं तिथेच थांबायचं. मी मुलांना विचारायची, घरी कुणाबरोबर म्हटलंस का? बहुतेकांचं उत्तर एकच असायचं : आईला गाता येत नाही, बाबांना तर मुळीच येत नाही. सहा वर्षांच्या मुलाला आपल्या आई-बाबांविषयी ही माहिती इतकी पक्की कशी असते? कारण आई-बाबांनीच ती दिलेली असते. त्यांना कधीतरी, कुणीतरी, बहुधा माझ्यासारख्याच एखाद्या शिक्षकाने सांगितलेलं असतं, की तुझा आवाज नाही, तू मागे उभा राहा.

म्हणून मी पुण्यातल्या एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर शनिवारी संध्याकाळी एक बैठक सुरू केली. अट एकच. मुलाला सोडून जायचं नाही. ज्याने मुलाला आणलं त्याने बसायचं आणि गायचं. श्रोते कुणीच नाहीत. ही अट ऐकून पहिल्या काही आठवड्यांत बरेच पालक परत गेले, आणि मला ते मुळीच वावगं वाटलं नाही. मुलाला दोन तास कुठेतरी गुंतवायची सोय पुण्यात पुष्कळ ठिकाणी होते.

मराठीत मुलांच्या गाण्यांचं दारिद्र्य कधीच नव्हतं. 1953च्या ‘देवबाप्पा’ चित्रपटात गदिमांचे शब्द, पुलंचं संगीत आणि आशाबाईंचा आवाज यांनी जो मोर नाचवला, तो अजून प्रत्येक बालवाडीत नाचतो. मीना खडीकरांनी राजा मंगळवेढेकरांचा चॉकलेटचा बंगला बांधला तेव्हा तो गायला आपली मुलं, योगेश आणि रचना, यांनाच बसवलं. ते गाणं घरातच जन्मलं आहे, हे ऐकताना कळतं. विंदांच्या ‘राणीची बाग’ आणि ‘एटू लोकांचा देश’मधल्या कविता वाचून दाखवणाऱ्या मोठ्या माणसालाही हसू आवरत नाही. अलीकडे संदीप खरे आणि सलील कुलकर्णींच्या ‘अग्गोबाई ढग्गोबाई’ने कितीतरी घरांत मुलांना पुन्हा मराठी गाण्याची गोडी लावली. या सगळ्यांचं ऋण माझ्यावर आहे. तरी नवं काही करायची गरज मला भासत राहिली, कारण ही बहुतेक गाणी कसलेल्या गळ्यांनी गायलेली आणि वाद्यमेळात नटलेली आहेत. ती ऐकताना घरातला बेसुरा बाबा आणखी गप्प होतो. मला त्या बाबासाठी गाणं करायचं होतं.

बैठकीला एक कंडक्टर यायचे, मुलीला घेऊन. सुरुवातीला ते दाराजवळच्या खुर्चीत अर्धे बाहेर, अर्धे आत असे बसत. विचारलं तर म्हणाले, “ताई, आपला आवाज म्हणजे दिवसभर ओरडून फाटलेला. पोरीचं बिघडवायचं नाही.” त्या आठवड्यात मी बसवर एक गाणं करत होते. त्यात कंडक्टरच्या तोंडी ‘चला चला, चढा लवकर’ अशी काहीशी ओळ होती. ती ऐकून ते खुर्चीतून पुढे सरकले. “असं कोण म्हणतं? आम्ही म्हणतो, पुढे चला, पुढे गाडी रिकामी आहे. नसली तरी म्हणतो.” सगळे हसले. मी म्हटलं, मग तुम्हीच म्हणा. त्यांनी म्हटलं, आणि ते वाक्य आपोआप आठ मात्रांत बसलं. रोज शेकडो वेळा म्हणून त्याला लय आलेली होती. सूर म्हणाल तर सा आणि रे, दोनच. मी पेटीवर तेच दोन सूर धरले आणि त्यांना पुन्हा म्हणायला लावलं.

पुढचं त्यांनीच घडवलं. एक घंटी म्हणजे थांब, दोन घंट्या म्हणजे जाऊ दे, हे त्यांनी मुलांना समजावलं. मग आम्ही घंटीच्या जागी टाळ्या घातल्या. दोन टाळ्या पडल्या की सगळ्यांनी गायचं, एक पडली की ओठ बंद. ड्रायव्हर कुणीही होतं. कंडक्टर मात्र तेच. तिकिटाच्या पत्र्याच्या पेटीवर पूर्वी पंचने टकटक करायचे, तो ठेका त्यांनी किल्लीने स्टीलच्या डब्यावर वाजवून दाखवला. आता तिकिटाचं मशीन आल्यापासून तो आवाज बसमधून गेला, असं म्हणताना त्यांना वाईट वाटलेलं स्पष्ट दिसत होतं. त्यांची मुलगी तोवर बैठकीत फारसं तोंड उघडत नसे. त्या दिवशी ती बाबांच्या मांडीला टेकून प्रत्येक थांब्याचं नाव सांगत होती : स्वारगेट, शनिपार, मंडई. पुढे ते गाणं बैठकीतून ज्या ज्या घरी गेलं तिथे थांबे बदलले. एका घराने कोल्हापूरचा रस्ता घेतला, एकाने थेट आजोळच्या गावापर्यंत एस.टी. नेली.

त्या दिवसापासून मी गाणं करण्याची पद्धत बदलली. आधी मी मुलाचा विचार करून शब्द लिहायची, मग चाल, आणि मोठ्यांनी साथ द्यावी अशी अपेक्षा ठेवायची. आता आधी विचारते, घरात कोण कोण आहे, दिवसभर काय करतं, त्याच्या तोंडात कुठलं वाक्य बसलेलं आहे. भाजीवाल्या मावशींच्या हाळीत तर तयार चालच असते. शिंपीकाम करणाऱ्या एका आईने मशीनच्या पायट्याचा ठेका दिला, तो मी अजून वापरते. मोठ्या माणसाला गाण्यात खरं काम लागतं. नुसतं मुलाला प्रोत्साहन द्यायला बसवलं की ते पाच मिनिटांत खिशातला मोबाइल काढतं.

दुसरा मोठा धडा जळगावकडच्या एका आजींनी दिला. नातवंडांना सांभाळायला त्या पुण्यात आल्या होत्या. त्यांच्या माहेरी भुलाबाई बसत. भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत महिनाभर मुली टिपऱ्या घेऊन घरोघर जायच्या, गाणी म्हणायच्या आणि शेवटी त्या घरच्या बाईने झाकून ठेवलेला खाऊ ओळखायचा. इकडे भोंडल्याला खिरापत ओळखतात, तसंच. आजींनी माझं एक नवं गाणं शांतपणे ऐकून घेतलं. पावसाचं होतं, शब्द गोड होते, चाल भूप रागाच्या अंगाने जाणारी. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, “चांगलं आहे बाई. पण यात ओळखायचं काय आहे?”

मला क्षणभर कळेना. मग त्यांनी समजावलं. त्यांच्या गाण्यांमध्ये दर कडव्याला एखादी गोष्ट बदलते. सासर असेल तर आज सासरा, मग सासू, मग दीर, मग नणंद. पुढे कोण येणार हे मुलींना ठाऊक असतं, तरी सांगणारी मुद्दाम थांबते. त्या थांबण्यात मजा असते. आणि सगळं संपल्यावर खाऊ असतोच. माझ्या गाण्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं मीच सांगून टाकलं होतं, घरच्यांना घालायला जागाच उरली नव्हती.

मी ते पावसाचं गाणं आजींसमोर बसून उसवलं. तीन कडवी काढून टाकली. एकच कडवं ठेवलं आणि त्यात एका शब्दाची जागा मोकळी : पाऊस आला आणि कोण भिजलं? तिथे चार मात्रांचा थांबा. ज्याची पाळी असेल त्याने त्या चार मात्रांत नाव घालायचं, मग बाकीच्यांनी ते नाव उचलून पुढची ओळ पुरी करायची. आजींनी पहिल्याच फेरीत व्याह्यांचं नाव घातलं. मुलांनी शाळेतल्या बाईंचं घातलं, शेजारच्या कुत्र्याचं घातलं, वाळत टाकलेल्या सतरंजीचं घातलं. एक आई तिच्या पाळीला गप्पच राहिली आणि चार मात्रा कोऱ्या गेल्या. तिच्या मुलाने तत्काळ पुढची ओळ उचलली : कुणीच नाही भिजलं! ते ऐकून ती इतकी मोकळी हसली, की पुढच्या फेरीत तिने स्वतःहून हात वर केला.

जुन्या फेराच्या गाण्यांमध्ये ही जी रचना आहे, तिचं महत्त्व मला शास्त्रीय संगीत शिकताना कधी जाणवलं नव्हतं. सूर तीन-चारच, लय एकच, फेर धरून चालता चालता म्हणायचं, आणि दर फेरीला थोडं नवं. लहानीला शेपूट पकडता येतं, मोठी पुढे नेते. कुणी मध्येच दमून बसली तरी गाणं अडत नाही. त्यातलं सासर-माहेर आजच्या मुलींच्या तोंडी मला नको वाटतं, हे मी आजींना सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग शब्द तुझे घाल, पण फेर मोडू नको.” तो सल्ला मी तंतोतंत पाळते.

लयीच्या बाबतीत मुलांनी माझी एक समजूत काढून टाकली. लहान मुलांना केरवा किंवा दादरा, याच्या पलीकडे नेऊ नये असं आम्हा शिक्षकांना वाटत असतं. एकदा मी सात मात्रांचं, रूपकाच्या चालीचं गाणं आणलं, लंगडत चालणाऱ्या उंटाचं. तीन, दोन, दोन असे पावलांचे गट. मुलांनी उंटासारखं चालून पाहिलं आणि दोन फेऱ्यांत लय अंगात घेतली. मोठी माणसं अडखळत राहिली, कारण आठव्या मात्रेची वाट बघायची त्यांच्या पायांना सवय झाली होती. त्या संध्याकाळी मुलं आई-बाबांचा हात धरून त्यांना चालायला शिकवत होती. एक मुलगा वडिलांना सांगत होता, “बाबा, मोजू नका, नुसतं लंगडा.” मला तो सल्ला कुठल्याही तालाच्या पुस्तकापेक्षा मोलाचा वाटतो, आणि आता मी तो सर्रास देते.

पांढरी दोनचा नियम मी एका गाण्यापुरता मोडला. एका मुलीची आई रुग्णालयात परिचारिका होती, रात्रपाळी असायची. वडील मुलीला झोपवत. ते मला म्हणाले, “अंगाई म्हणायला जातो, तर सगळीकडे आईच बोलत असते. मी कुठे उभा राहू?” खरंच होतं ते. आपल्या अंगाईगीतांमधला पाळण्याजवळचा आवाज बहुतेक करून आईचाच आहे, आणि बाप कुठेतरी कामावर गेलेला आहे. या घरात तर आई कामावर गेली होती. मी त्यांच्यासाठी मंद्र पंचमापासून मध्य गंधारापर्यंतच फिरणारी, विलंबित दादऱ्यातली एक चाल बांधली. शब्द असे सुरू होतात :

आई गेली जागायला, आपण दोघं निजू,
अर्धी उशी तिच्यासाठी तशीच राहू देऊ.

हे गाणं मुलीने गायचं नव्हतंच, तिने फक्त ऐकत झोपायचं होतं, म्हणून तिच्या गळ्याचा विचार केला नाही. वडिलांच्या आवाजातली खर्जातली घरघर मुलीच्या पाठीला जाणवावी, एवढाच हेतू होता. त्यांना सूर पक्का व्हायला बरेच दिवस लागले. ते भ्रमणध्वनीवर म्हणून पाठवायचे, मी दुरुस्त करून परत पाठवायची. मग एकदा त्यांनी कळवलं, की सुट्टीच्या दिवशी आई घरी असते तेव्हा मुलगी हट्टाने हेच गाणं मागते आणि आईलाच त्या अर्ध्या उशीवर झोपायला लावते. घरं बदलली की गाणी बदलावी लागतात, असं मी शिक्षकांच्या मेळाव्यात आग्रहाने मांडते, ते या एका घराच्या बळावर.

2020 साली टाळेबंदी आली आणि शनिवारची बैठक काही काळ बंद पडली. व्हिडिओ कॉलवर गायचा प्रयत्न सगळ्यांनीच केला आणि सगळ्यांचाच विरस झाला. आवाज तिकडे पोचून परत यायला पाव ते अर्धा सेकंद सहज जातो. जलद केरव्यात तेवढ्यात एक अख्खी मात्रा निसटते. मग प्रत्येकाला दुसरा मागे पडलाय असं वाटतं, तो थांबतो, दुसराही थांबतो, आणि गाणं चिखलात रुतल्यासारखं होतं. नाशिकच्या एका आजीची नातवंडं न्यू जर्सीला होती. ती मला म्हणाली, “त्यांना गाणं शिकवायला बसते आणि रागवून उठते. मुलं म्हणतात, आजी चुकते.”

चूक आजीची नव्हती, उशिराची होती. तो उशीर काढून टाकता येणार नव्हता, म्हणून मी तो गाण्यात घेतला. सवाल-जबाबाची गाणी लिहिली, ज्यात दोघांनी एकाच वेळी गायचंच नाही. आजीने एक ओळ म्हणायची, मुलांनी उत्तर द्यायचं. मधल्या जागेला ताल नाही, हवा तेवढा वेळ घ्या. आजीने विचारायचं, तुमच्या खिडकीतून काय दिसतं? मुलांनी पाहून यायचं आणि त्याच चालीत सांगायचं. मग मुलांनी विचारायचं, तुझ्या खिडकीतून काय दिसतं? इकडे रात्र, तिकडे सकाळ. इकडे गच्चीवर वाळवण, तिकडे बर्फ. उशीर कुणाच्या लक्षातही आला नाही. ती आजी स्वतःच पुढच्या ओळी रचू लागली आणि मुलांना मराठी शब्द अडले की तिथेच चालीत शिकवू लागली. बर्फावर चालायच्या बुटांना काय म्हणायचं यावर त्यांचं एक अख्खं कडवं झालं. परदेशातल्या मराठी घरांसाठी आजवर सुचलेली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच, असं माझं मत आहे, आणि ती तिथल्या मराठी शाळा चालवणाऱ्यांनी जरूर करून पाहावी.

मध्यंतरी एका कंपनीने मुलांसाठी चित्रगीतं करायला बोलावलं होतं. त्यांना काळी चारचा सा आणि धावती लय हवी होती, दर तीन-चार सेकंदांनी चित्र बदलायचं होतं, आणि चार मात्रांचा मोकळा थांबा त्यांना मान्य नव्हता. तेवढ्या शांततेत मूल दुसरीकडे जाईल, असं त्यांचं म्हणणं. मूल दुसरीकडे जावं, आईकडे वळावं, यासाठीच तो थांबा होता. मी ते काम घेतलं नाही.

सध्या मी अडले आहे ते बारा-तेरा वर्षांच्या मुलग्यांपाशी. बैठकीत लहानपणापासून येणारी ही मुलं या वयात एकदम गप्प होतात. आवाज फुटतो, हुकमी सूर चार-पाचच उरतात, आणि ते कुठले हे आठवड्याला बदलतं. कालपर्यंत आईबरोबर गाणारा आज बाबांच्या सप्तकात घसरतो आणि तिथेही ठरत नाही. या वयात त्याला ‘तू नुसता तबला वाजव’ असं म्हणणं सोपं आहे, पण आता बैठकीत येणाऱ्या कित्येक बाबांचं गाणं याच वयात कुणीतरी असंच थांबवलं होतं, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलं आहे. म्हणून वाद्य देतेच, पण शब्दही देते. तालात बोलायच्या ओळी, पोवाड्यातल्यासारख्या, ज्यांना सूर नेमका लागत नाही, आणि त्यांच्याखाली एकाच सुरावर धरून ठेवायची ‘जी जी’ची झील. तो सूर त्या आठवड्यात ज्याला जो लागेल तो. मी पेटी त्याच्याप्रमाणे लावते आणि बाकीचे सगळे, आजीसुद्धा, तेवढ्या गाण्यापुरते त्याच्या पट्टीत येतात.

त्यातल्या एकाने परवा मला बजावलं, की ससा, खारुताई वगैरे असलं तर तो येणार नाही. मी विचारलं, मग कशावर करू? तो म्हणाला, सोसायटीच्या पार्किंगमध्ये क्रिकेट खेळू देत नाहीत त्यावर करा. पहिल्या चार ओळी त्याने लिहून आणल्या आहेत, अध्यक्ष काकांच्या तोंडच्या. वडिलांना ते काकांचं काम द्यायचं त्याने ठरवलं आहे. चाल या शनिवारी लावायची आहे.